गोळीनं लक्ष लागतं, हाताला वळण कोण लावणार?

मा. ना. श्री. प्रकाश आबिटकर,
सार्वजनिक आरोग्य व कुटुंब कल्याण मंत्री, महाराष्ट्र राज्य,
तथा पालकमंत्री, कोल्हापूर जिल्हा
यांना



साहेब,

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची गाडी शाळेच्या आवारात येते तेव्हा तपासणाऱ्या डॉक्टरांसमोर तीस व्याधींची यादी असते. जन्मजात व्यंगं, कमतरतेचे आजार, बालपणीचे इतर आजार आणि विकासातले अडथळे असे तिचे चार भाग. शेवटच्या भागात एका ओळीवर हालचालींच्या विकासातला विलंब आहे, आणि काही ओळी सोडून एडीएचडी आहे, म्हणजे लक्ष न टिकणं आणि अतिचंचलता. ज्यांचं नाव या दोन्ही ओळींवर एकाच वेळी यायला हवं, त्या मुलांसाठी मी आपल्याला लिहिते आहे. ती थोडीथोडकी नाहीत. एडीएचडी असलेल्या मुलांपैकी साधारण एक तृतीयांश ते निम्म्या मुलांना हातापायांच्या हालचाली जुळवून आणण्यातही वयाच्या मानानं स्पष्ट अडचण असते, असं निरनिराळ्या देशांतल्या अभ्यासांत पुन्हा पुन्हा आढळलं आहे. डॉक्टर या दुसऱ्या अडचणीला डेव्हलपमेंटल कोऑर्डिनेशन डिसऑर्डर म्हणतात, थोडक्यात डीसीडी.

हा कार्यक्रम फेब्रुवारी २०१३ मध्ये देशात सुरू झाला तो आपल्याच राज्यातून, पालघरहून. आपण २०१४ पासून राधानगरीचे आमदार आहात, डिसेंबर २०२४ पासून राज्याचं आरोग्य खातं आपल्याकडे आहे आणि जानेवारी २०२५ पासून जिल्ह्याचं पालकमंत्रिपदही. फेजिवडे, ओलवण, धामोड, सरवडे ही नावं आपल्याला नकाशात शोधावी लागत नाहीत. मी याच तालुक्यात प्राथमिक शाळेत शिकवलं, आता निवृत्त आहे.

असं मूल वर्गात ओळखू येतं, पण भलत्याच नावानं. चौथीतला एक मुलगा डोळ्यांपुढे आणा. तोंडी हिशोब विचारला तर सगळ्यांच्या आधी उत्तर देतो. फळ्यावरचं उतरवून घ्यायला सांगितलं की तिसऱ्या ओळीला पेन्सिलीचं टोक मोडलेलं, खोडरबरानं पान फाटलेलं, अक्षरं रेघ सोडून खाली घसरलेली. शर्टाची बटणं एक घर सोडून लावलेली. पोषण आहाराच्या रांगेत ताटातली आमटी पायावर सांडते. खो-खोत खांबाला वळसा घालताना हमखास पडतो, म्हणून त्याला कुणी आपल्या गटात घेत नाही. आपला जिल्हा कुस्तीचा. पोरगं पायावर उभं राहिलं की त्याला तालमीची माती दाखवायची इथली रीत आहे, आणि तिथं हा पोरगा दोन दिवसांत घरी परत येतो. आजी म्हणते हाताला वळणच नाही. बाप म्हणतो अंग चोरतंय. आम्ही शिक्षक प्रगतिपुस्तकात लिहितो, 'अक्षर सुधारणे आवश्यक'. त्याच्या मेंदूत हालचालींची आखणी आणि लक्ष या दोन्हींची घडी वेगळी बसली आहे, हे यातल्या कुणाच्याच मनात येत नाही. मार मात्र तो दोन्हींसाठी खातो.

हे मूल वेळेवर बसलेलं असतं, वेळेवर चाललेलंही असतं. हालचालींच्या विलंबाची ओळ म्हणूनच त्याला पकडू शकत नाही. मान कधी धरली, पहिलं पाऊल कधी टाकलं, हे टप्पे अंगणवाडीच्या वयाचे. चौथीत अडतं ते गाठ मारताना, कात्री चालवताना, चेंडू झेलताना, सायकलचा तोल सांभाळताना आणि सगळ्यांत जास्त लिहिताना. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या भारतीय अभ्यासात उत्तर गोव्यासह देशातल्या पाच ठिकाणी २ ते ९ वर्षांच्या सुमारे चार हजार मुलांची तपासणी झाली होती. मेंदूच्या विकासाशी संबंधित नऊपैकी एखादी तरी अडचण जवळपास दर आठ मुलांमागे एकाला निघाली. त्या नऊ अडचणींत एडीएचडी होता, डीसीडी नव्हता. जे मोजलंच जात नाही, त्याच्यासाठी अंदाजपत्रकात रक्कम कुठून येणार?

आता औषधाचं. या बाबतीत आपल्याकडे दोन टोकं आहेत. एका टोकाला भीती: गोळीनं पोरगं गुंगीत राहील, त्याला नाद लागेल, मोठेपणी वेडं होईल. दुसऱ्या टोकाला, शहरात जाऊन निदान करून आलेल्या घरांत, उलटा विश्वास: गोळी सुरू झाली, आता सगळं मार्गी लागलं. आपल्या खात्यानं या दोन्ही घरांशी बोललं पाहिजे, म्हणून मी जरा सविस्तर लिहिते.

एडीएचडीसाठी वापरात असलेलं मुख्य औषध मेथिलफेनिडेट. स्वित्झर्लंडच्या बाझल शहरात सीबा कंपनीतले रसायनशास्त्रज्ञ लेआंद्रो पानित्सोन यांनी ते १९४४ मध्ये तयार केलं. त्यांच्या पत्नी रिटा टेनिस खेळण्याआधी ते घेत आणि आपला खेळ सुधारतो असं सांगत, त्यावरूनच १९५४ मध्ये बाजारात आलेल्या गोळीला रिटालिन हे नाव पडलं, अशी हकिगत सांगतात. त्याआधी १९३७ मध्ये अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंड राज्यात चार्ल्स ब्रॅडली या डॉक्टरांनी आपल्या रुग्णालयातल्या तीस मुलांना बेंझेड्रीन हे त्याच जातीचं उत्तेजक औषध दिलं होतं. त्यांतल्या जवळपास निम्म्या मुलांचा अभ्यास एकदम सुधारला. मुलं त्या औषधाला गणिताच्या गोळ्या म्हणत.

उत्तेजक औषधानं चंचल मूल शांत कसं होतं, हा प्रश्न प्रत्येक आईवडील विचारतात, आणि तो रास्त आहे. मेंदूतल्या पेशी डोपामिन आणि नॉरअ‍ॅड्रेनलिन ही रसायनं एकमेकींकडे सोडतात आणि लगेच परत शोषून घेतात. हे औषध ते शोषणं काही वेळ अडवतं. त्यामुळे कपाळामागच्या भागाला, जिथून मनाला आवर घातला जातो, आपलं काम नीट करता येतं. आत खोलवर जे भाग लक्ष टिकवायला मदत करतात, तेच हालचाल सुरू करण्याचं आणि थांबवण्याचंही काम करतात. म्हणून या औषधाचा हातापायांवर परिणाम होणं साहजिक आहे. साधी गोळी अर्ध्या-पाऊण तासात लागू पडते आणि चारेक तास टिकते. योग्य मात्रेत ती गुंगी आणत नाही. मूल मंद, हरवल्यासारखं दिसू लागलं तर मात्रा जास्त झाली असं समजून डॉक्टरांना सांगायचं असतं. गैरवापर होऊ शकतो म्हणून कायद्यानं तिच्यावर कडक बंधनं आहेत. पण डॉक्टरांच्या देखरेखीखाली, ठरलेल्या मात्रेत घेणाऱ्या मुलाला तिचं व्यसन लागतं अशी भीती बाळगण्याचं कारण नाही. शाळेत जाण्याआधीच्या अगदी लहान वयात मात्र औषधाआधी पालकांना प्रशिक्षण द्यावं, असं तज्ज्ञ सांगतात.

मग हातापायांना या गोळीचा नेमका किती फायदा होतो? कॅनडातल्या माँट्रियल शहरात नुकतंच निदान झालेल्या ४९ मुलांची हालचालींची चाचणी औषधाआधी आणि औषध सुरू झाल्यावर सुमारे तीन महिन्यांनी घेतली गेली. २०१२ मध्ये ते निष्कर्ष प्रसिद्ध झाले. औषधाआधी ७३.५ टक्के मुलांच्या हालचालींत अडचण होती, औषधानंतर ५५.१ टक्के मुलांच्या. म्हणजे काही मुलं केवळ लक्ष लागल्यामुळे सावरली. त्यांची अडचण हातात नव्हतीच, सूचना ऐकण्यात आणि घाई आवरण्यात होती. पण त्यांच्याहून कितीतरी जास्त मुलं गोळी घेऊनही जिथल्या तिथं राहिली. लक्ष आलं, हात आले नाहीत. साहेब, या पत्रातलं दुसरं काही लक्षात राहिलं नाही तरी हे दोन आकडे लक्षात राहावेत.

हस्ताक्षराची गोष्ट तर याहून बारकाईनं पाहण्यासारखी आहे. जर्मनीत २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मुलांच्या लेखणीची गती यंत्रावर टिपली होती. मेथिलफेनिडेट घेतल्यावर अक्षर सुवाच्य झालं, पण हाताचा ओघ कमी झाला. मूल आता प्रत्येक रेघेकडे लक्ष देत होतं आणि त्यामुळेच अडखळत होतं. सवयीच्या हाताला ज्याकडे बघावंही लागत नाही, ते हे मूल जाणीवपूर्वक करत होतं. एडीएचडी आणि डीसीडी दोन्ही असलेल्या मुलांवर नेदरलँड्समध्ये झालेल्या, २००६ च्या अभ्यासातही असंच आढळलं: बोटांचं कौशल्य सुधारलं, अक्षर सुधारलं, ओघ मात्र घटला. वर्गात याचा अर्थ काय होतो ते मी सांगते. पूर्वी ज्या मुलाची वही वाचता येत नव्हती, त्याची आता वाचता येते, पण पेपर अर्धाच होतो. बाई खूश, आई खूश, आणि गुण तिथंच. मग म्हणायचं, गोळी देऊनही पोरगं आळशीच.

हे सगळे प्रयोग रोमन लिपीतले. आपली लिपी हाताकडून जास्त मागते. 'विद्यार्थी' हा एक शब्द लिहायचा तर आधी काढायची ऱ्हस्व वेलांटी, मग व, मग द आणि य यांची गुंफण, काना, थ, त्याची दीर्घ वेलांटी, वर रफार, आणि या सगळ्यांवरून एकसंध शिरोरेघ. हात किती वेळा उचलायचा, किती वेळा मागं न्यायचा, कुठल्या जागी पुन्हा टेकवायचा! ज्याचा हात आधीच चाचपडतो, त्याच्यासाठी मराठीचा तास गणिताहून कठीण असतो. एडीएचडीचं औषध घेणाऱ्या मराठी मुलांचं देवनागरी लेखन गोळीआधी आणि गोळीनंतर मोजण्याचं काम आपल्या वैद्यकीय महाविद्यालयांनी हाती घ्यावं. नाशिकच्या आरोग्य विद्यापीठाच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांना प्रबंधासाठी विषय लागतातच.

या मुलांकडे लक्ष दिलं नाही तर पुढे काय होतं, याचा एक पुरावा स्वीडनच्या गॉथेनबर्ग शहरातून आला आहे. तिथले बालमानसोपचारतज्ज्ञ ख्रिस्तोफर गिलबर्ग यांनी लक्ष आणि हालचाल या दोन्ही अडचणी एकत्र असलेल्या मुलांकडे फार पूर्वीपासून लक्ष वेधलं होतं. ही मुलं बावीस वर्षांची झाल्यावर त्यांना पुन्हा भेटून केलेली पाहणी २००० मध्ये प्रसिद्ध झाली. त्यांतल्या कुणालाही लहानपणी उत्तेजक औषध मिळालं नव्हतं. दोन्ही अडचणी असलेल्यांपैकी ५८ टक्के तरुणांची स्थिती वाईट होती: दारू, गुन्हे, अर्धवट सुटलेलं शिक्षण. तुलनेसाठी घेतलेल्या इतर तरुणांत हे प्रमाण १३ टक्के होतं. गट लहान होता, देश वेगळा होता. तरीही हे वाचल्यावर मला आमच्या गावातले, सातवीनंतर शाळेच्या हजेरीपटावरून गळालेले आणि आता फाट्यावर दिवसभर उभे असलेले काही तरुण आठवले. त्यांच्यापैकी कुणाला काय होतं हे आता कोण सांगणार? त्यांना कुणी कधी तपासलंच नाही.

औषध चार तासांचं लक्ष देतं, ते लक्ष हाताच्या सरावात मुरायला हवं. राधानगरी धरणातून सोडलेलं पाणी भोगावतीवर कोल्हापुरी पद्धतीचे बंधारे आहेत म्हणून अडतं आणि शेतात चढतं. बंधारे नसते तर तेच पाणी शेताच्या कडेनं वाहून गेलं असतं. गोळीच्या त्या तासांत मुलाला कुणी बटण लावायला, दोरी वळायला, अक्षर जोडायला शिकवलं नाही तर ते तास तसेच निघून जातात. युरोपातल्या बालविकलांगता तज्ज्ञांच्या मार्गदर्शक सूचनांतही हेच आहे: दोन्ही अडचणी असलेल्या आणि एडीएचडीसाठी औषधाची गरज असलेल्या मुलाला ते द्यावं, हस्ताक्षराला त्याचा फायदा होऊ शकतो, पण हालचालींसाठी वेगळे उपचार त्याच्या जोडीनं चालू ठेवावेत.

हे वेगळे उपचार म्हणजे काही महागडी यंत्रं नव्हेत. जे काम मुलाला जमत नाही, तेच काम छोट्या पायऱ्यांत, मुलाला स्वतः विचार करायला लावून शिकवायचं. कॅनडात हेलेन पोलाताय्को आणि अँजेला मँडिच यांनी यासाठी एक साधी पद्धत बसवली. मुलानं आधी ठरवायचं काय करायचं आहे, मग कसं करणार ते सांगायचं, करून बघायचं, आणि जमलं का ते स्वतःच तपासायचं. सायकल शिकताना, बुटाची नाडी बांधताना, गोठ्यात वासराच्या दाव्याची गाठ मारताना हे करता येतं. पण कुठल्या मुलाला काय आणि किती, हे ठरवायला जाणकार लागतो. तो जाणकार म्हणजे ऑक्युपेशनल थेरपिस्ट.

आणि इथं मला महाराष्ट्राचं एक ऋण सांगावंसं वाटतं. भारतात हे शास्त्र शिकवणारी पहिली शाळा १९५० मध्ये मुंबईच्या केईएम रुग्णालयात कमला निंबकर यांनी सुरू केली. त्या जन्मानं अमेरिकन, लग्नानं आपल्या झाल्या. फलटणला त्यांच्या नावाचं बालभवन आहे, ते शिक्षणात काम करणाऱ्या आम्हा सगळ्यांना माहीत आहे. ऑक्युपेशनल थेरपिस्ट आणि फिजिओथेरपिस्ट यांच्यासाठी राज्यानं स्वतःचा परिषद कायदाही केला. एवढी जुनी परंपरा असताना सरकारी आणि महापालिकेची शिक्षणकेंद्रं मुंबई-नागपुरात, आणि तिथून शिकून निघालेली मुलं-मुली तिकडच्याच शहरांत किंवा परदेशात. दाजीपूरच्या अभयारण्याच्या कडेला राहणाऱ्या आईला या पेशाचं नावही ऐकून माहीत नसतं.

म्हणून माझी पहिली मागणी. आपण जिल्हा नियोजन समितीचे अध्यक्ष आहात. त्या निधीतून एक ऑक्युपेशनल थेरपिस्ट आठवड्यातून एक ठरलेला दिवस राधानगरीच्या ग्रामीण रुग्णालयात बसेल एवढी सोय करा. वार ठरलेला हवा आणि तो बदलता कामा नये, कारण माणसं त्या वारावरच रोजगार बुडवायचा की नाही ते ठरवतात. त्या थेरपिस्टनं मुलाला पंधरवड्यातून एकदा पाहिलं तरी पुरे. मधले दिवस घरी आणि शाळेत काय करायचं हे तो आईला आणि बाईंना शिकवेल. समग्र शिक्षा अभियानातले विशेष शिक्षक तालुक्यात फिरत असतातच. ते खातं आपलं नाही हे मला माहीत आहे, पण पालकमंत्र्यांनी बोलावलं तर दोन्ही खात्यांची माणसं एका टेबलाशी येतात.

दुसरी गोष्ट तपासणीची. एडीएचडीच्या ओळीवर खूण झाली की त्या मुलाच्या हालचालींची चाचणी आपोआप व्हावी. एका पायावर उभं राहणं, चेंडू झेलणं, मणी ओवणं, रेघेवर चालणं, चार ओळी उतरवणं. हे दहा-पंधरा मिनिटांचं काम आहे. कॅनडात पालकांसाठी तयार झालेली पंधरा प्रश्नांची एक प्रश्नावली जगभर वापरली जाते. तसली प्रश्नावली मराठीत, इथल्या मुलांवर पारखून घेतलेली, आशाताईंच्या हाती द्या. आणि ही चाचणी दोनदा व्हावी: औषधाआधी एकदा, औषध बसल्यावर तीन महिन्यांनी एकदा. पहिल्या चाचणीशिवाय दुसरीला अर्थ नाही, आणि दुसरीशिवाय गोळीनं काय दिलं आणि काय राहिलं हे कुणालाच कळत नाही. उलटंही व्हावं. धडपडणाऱ्या, सांडणाऱ्या मुलाला फिजिओथेरपीकडे पाठवताना त्याच्या लक्षाकडेही बघावं. कित्येकदा मूळ तिथं असतं आणि तिथं गोळी खरोखर उपयोगी पडते.

औषधाच्या पुरवठ्याकडे मला विशेष लक्ष वेधायचं आहे. मेथिलफेनिडेट अमली पदार्थ आणि मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ यांविषयीच्या १९८५ च्या कायद्याखाली येतं, आणि औषध नियमांच्या शेड्यूल एक्समध्येही. दुकानदाराला वेगळा परवाना लागतो, चिठ्ठी दोन प्रतींत लागते, त्यातली एक दोन वर्षं जपून ठेवावी लागते. ही बंधनं असायलाच हवीत. पण महिन्याला चार-दोन गिऱ्हाइकांसाठी तालुक्यातला कोणता दुकानदार हा व्याप करेल? मग आई मुलाला घेऊन पन्नासेक किलोमीटरवरच्या कोल्हापूरला जाते. २०२३ पासून बाईला एसटीचं अर्धं तिकीट आहे, तो आधार मोठा आहे, पण बुडालेला दिवस अर्धा होत नाही. सुगीत, ऊसतोडीत, भात लावणीत ती जातच नाही, आणि गोळी मध्येच बंद पडते. निदान आणि पहिली चिठ्ठी तज्ज्ञांनी जिल्ह्याला द्यावी, पुढचा महिन्याचा पुरवठा मात्र नियमांच्या चौकटीत ग्रामीण रुग्णालयातून व्हावा, अशी वाट आपल्या खात्याला काढता येईल. तिथं कुलूपबंद कपाट आहे, नोंदवही आहे, औषधनिर्माता आहे.

गोळीबरोबर भुकेचाही विचार करावा लागतो, कारण आमच्या मुलांच्या अंगावर मुळात फार मांस नसतं. या औषधानं भूक मंदावते. सकाळी आठला गोळी घेतलेलं मूल दुपारी शाळेतली खिचडी चिवडतं आणि ताट बाजूला सारतं. ज्या घरात शाळेतलं जेवण हेच दिवसाचं मोठं जेवण, तिथं हे दुर्लक्ष करण्यासारखं नाही. पोटभर न्याहारी आधी, गोळी नंतर, आणि संध्याकाळी औषध उतरल्यावर भाकरी, दूध, अंडं, जे जमेल ते. दर तीन महिन्यांनी वजन, सहा महिन्यांनी उंची, आणि नाडी व रक्तदाब मोजला पाहिजे. झोप लागते का हेही विचारलं पाहिजे. यासाठी कोल्हापूर गाठायची गरज नाही, उपकेंद्रात हे होतं. फक्त त्या मुलाच्या नावाचं एक कार्ड हवं, जे आरोग्यसेविका, शाळा आणि जिल्ह्याचे डॉक्टर तिघेही वाचतील.

परीक्षेबद्दल एवढंच सांगते की २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या एकवीस प्रकारांत अध्ययन अक्षमता आहे, एडीएचडी नाही आणि डीसीडीही नाही. कायदा दिल्लीचा आहे. पण चाचपडत्या हाताच्या मुलाला घटक चाचणीत पंधरा मिनिटं जास्त द्यायला, दहापैकी चार उत्तरं तोंडी घ्यायला दिल्लीची परवानगी लागत नाही. आपल्या डॉक्टरांनी कार्डावर तशी शिफारस लिहिली तर मुख्याध्यापकांना ती मानणं सोपं जाईल.

साहेब, राज्यभराची योजना जाहीर करा असं मी म्हणत नाही. तशा योजनांचे फलक मी पुष्कळ पाहिले. एका तालुक्यात, आपल्याच तालुक्यात, एक शैक्षणिक वर्ष हे करून बघा. किती मुलांना दोन्ही अडचणी निघाल्या, गोळीनं कितीजणांचे हात सुधारले, कितीजणांना सरावाची जोड लागली, किती मुलांची गोळी सुगीत बंद पडली, हे आकडे वर्षअखेरीस उघड करा. ते चांगले आले नाहीत तरी उघड करा. जूनमध्ये शाळा उघडल्यावर तपासणीची गाडी फिरू लागेल, त्याआधी पथकातल्या डॉक्टरांचं एक दिवसाचं प्रशिक्षण झालं तर याच वर्षी सुरुवात होते. त्या दिवशी आम्हा शिक्षकांपैकी काहींना मागच्या बाकावर बसू द्या. कोणती मुलं बघायची ते आम्ही सांगू.



आपली,
राधानगरी तालुक्यातील एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका